दीड वीत चुकलेली खूण

मतदान झालं, निकाल लागला, लोक कोट घालून घरी गेले, तरी माझं मत जागच्या जागी आहे. ऐंशीच्या दशकात आमच्या कॉलेजनं फुटबॉलचं आंतर-कॉलेज अजिंक्यपद एकाहून अधिक वेळा जिंकलं, आणि त्या सगळ्या टीममध्ये भारी टीम होती ती चिखलवाल्यांची. यावर कुणाला वाद घालायचा असेल तर त्यानं खुशाल पिनरला माझ्या घरी यावं. चहा मिळेल, माघार मिळणार नाही.

इथल्या मराठी मंडळाच्या अंकासाठी संपादकांनी 'नोकरीतले अनुभव' लिहा म्हटलं, तेव्हा मी त्यांना विचारलं, की बाबांनो, गवताबद्दल कोण वाचणार? माझी सगळी नोकरी गवतात गेली. वायव्य लंडनमधल्या एका कॉलेजच्या मैदानावर मी ग्राउंड्समन होतो. आमच्या मंडळात गणपतीला ओळखी करून देतात, हा आयटीत, ही बँकेत, हे डॉक्टर. माझ्यापाशी आले की "हे कॉलेजात होते" एवढं म्हणून पुढं सरकतात. समोरचा मला प्रोफेसर समजून नमस्कार करतो. मी लगेच दुरुस्ती करतो, की कॉलेजात नव्हतो, कॉलेजच्या बाहेर होतो, पावसात.

ग्राउंड्समनचं काम म्हणजे गवत कापणं, असं लोकांना वाटतं. खरं काम पाण्याचं. इथं वरून येणारं पाणी थांबवणं कुणाच्या बापाला जमलेलं नाही. ते खाली कसं जाईल एवढंच आपण बघायचं. त्यासाठी लांब दात्यांचा काटा घेऊन मैदानभर भोकं पाडत फिरायचं आणि त्या भोकांत रेती भरायची. वर्षातले चार महिने मी हेच केलं. त्यानंतर रेघा. हातगाडीसारखं एक यंत्र असतं, त्यात पांढरा रंग भरायचा आणि ताणलेल्या दोरीच्या कडेनं ते सरळ ढकलत न्यायचं. शनिवारी सकाळी रेफरी येऊन मैदान बघतो आणि सामना होणार की नाही ते सांगतो. आठवडाभराच्या कष्टाचा निकाल तो माणूस चार पावलांत देतो.

गिऱ्हाइकं एकेक होती. एका गोलकीपरनं गोलच्या मागं आपल्या आजीच्या कोटाचं बटण पुरून ठेवलं होतं. दर हंगामात माझ्या काट्याला ते लागायचं आणि दर हंगामात मी ते परत पुरायचो. एका जुन्या प्रोफेसरांच्या बायको त्यांची राख घेऊन आल्या, म्हणाल्या, मैदानाच्या मधोमध टाकायची आहे, त्यांची इच्छा होती. मी सांगितलं, "बाई, राखेनं गवत मरतं. पॅव्हेलियनशेजारी गुलाब आहे, तिथं घाला." त्या रागावून गेल्या. आठवड्यानं मधल्या वर्तुळात परातीएवढा करडा डाग उमटला. बाईंनी मला न सांगता काम उरकलं होतं. मी तिथं वर्षभर बी टाकत राहिलो आणि प्रोफेसरांना मनातल्या मनात शिव्या देत राहिलो, पण कुणाकडं तक्रार केली नाही.

आता मुद्द्याचं. मी कोल्हापूरचा. आमच्याकडं क्रिकेटपेक्षा फुटबॉलवरून डोकी फुटतात. पेठेपेठेची टीम असते आणि वीस वर्षांपूर्वीचा सामना कट्ट्यावर असा भांडला जातो, की जणू तो संध्याकाळी व्हायचा आहे. मी स्वतः पेठेकडून बॅकला खेळलो. मामांच्या मागं इंग्लंडात आलो, मिळेल ते काम धरलं, आणि नशिबानं ते मैदानाचं निघालं. त्यामुळं मी नुसता रेघा मारणारा नव्हतो. मी बघणारा होतो, आणि माझी बघायची रीत निराळी होती. खेळ संपल्यावर मी मैदान बघायचो.

बुटांच्या खिळ्यांनी गवताचे तुकडे उखडतात. कोण कुठं पळालं, कोण कुठं नुसतं उभं राहिलं, कोण घसरला, कोणी मागं येऊन मदत केली, हे सगळं जमिनीवर लिहिलेलं असतं. वर्तमानपत्रातला माणूस गोल मोजतो. मी खड्डे बघायचो. आणि आणखी एक. ते उखडलेले तुकडे लगेच जागेवर ठेवून पायानं दाबले तर मूळ धरतात. सोमवारपर्यंत थांबलात तर ते वाळून मेलेले असतात. म्हणून प्रत्येक कॅप्टनला मी पहिल्या दिवशी सांगायचो, की सामन्यानंतर सगळ्यांनी एका ओळीत मैदान चालून तुकडे दाबायचे. सगळे हो म्हणायचे. करायचे किती, ते सोडा.

त्या दशकातल्या दोन टीमवरून आजही भांडण आहे. पहिली पांढऱ्या मोज्यांची. त्यांचा कॅप्टन कॉलिन. हंगामभर एकही सामना हरले नाहीत. सुंदर खेळायचे, मी नाही म्हणणार नाही. चेंडू असा फिरवायचे की विरुद्ध टीम शोधत बसायची. पण त्यांच्या सामन्यानंतर मैदान बघावं तर पुढच्या अर्ध्यात थोडी खरड आणि मागच्या अर्ध्यात गालिचा. पुढं गेलेला परत मागं आलेलाच नसायचा. आणि शिट्टी वाजली की सरळ शॉवरखाली. तुकडे दाबायचे राहिले, असं मी कॉलिनला एकदा म्हटलं, तर तो हसून म्हणाला, "त्यासाठीच तर तुम्ही आहात, मिस्टर डी." दत्ताजी म्हणायला जीभ वळत नाही म्हणून मी तिथं मिस्टर डी होतो.

दुसरी चिखलवाल्यांची. ती काही वर्षांनी आली. कॅप्टन डेरेक, इल्फर्डचा, प्लंबरचा मुलगा. बोलायला लाजरा. त्या हंगामात पाऊस थांबेना. यांचा खेळ काही सुंदर नव्हता. दोन सामने हरले, चार कसेबसे जिंकले. पण सामन्यानंतर मैदान बघितलं तर इकडच्या गोलपासून तिकडच्या गोलपर्यंत सारखंच उखडलेलं. अकराच्या अकरा जण सगळीकडं पळालेले. आणि मग, पहिल्या दिवशी मी एकदा सांगितलं होतं तेवढ्यावर, थंडीनं ओठ निळे पडलेले असताना, ती पोरं एका ओळीत उभी राहून मैदान चालायची. एकही शनिवार चुकवला नाही. सांगा, मी कुणाला भारी म्हणायचं?

त्यांची अंतिम लढत आमच्याच मैदानावर झाली. बरोबरी चालली होती, शेवटी शेवटी पेनल्टी मिळाली, डेरेकनं गोल केला आणि अजिंक्यपद आलं. तेव्हापासून आजवर कॉलिनकंपनी त्यांना 'पेनल्टीवाले' म्हणते. आणि तेव्हापासून आजवर मी एक गोष्ट कुणाला सांगितली नव्हती.

माझे वडील गवंडी होते. त्यांच्याकडं गाठी मारलेली एक सुती दोरी होती. फूटपट्टी हरवते, दोरी कमरेला राहते, असं म्हणायचे. ती दोरी मी इंग्लंडात आणली आणि मैदानाच्या मापाच्या गाठी तिच्यावर मारल्या. ऑफिसातल्या साहेबांनी मला पोलादी टेप आणून दिली, वर म्हणाले, "ती सुतळी आता म्युझियमला देऊन टाका." झालं. मी टेप शेडमध्ये खिळ्याला टांगली आणि दोरीच वापरत राहिलो. बापाच्या दोरीला सुतळी म्हणतो काय!

अंतिम लढतीच्या सकाळी पावसानं एका गोलसमोरची पेनल्टीची खूण धुऊन नेली. बाकी रेघा बुधवारी कोरड्यात मारलेल्या, त्या शाबूत होत्या. मी दोरी काढली, गोलरेषेपासून गाठीपर्यंत ताणली आणि नवी खूण मारली. सुती दोरी भिजली की आखडते, हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. पण वडिलांची दोरी कोल्हापुरात उन्हाळ्यात चालायची, बांधकामं तेव्हाच निघतात. भिजलेल्या दोरीनं माप घ्यायची त्यांना वेळच आली नव्हती, आणि माझं डोकं त्या सकाळी ठिकाणावर नव्हतं. सोमवारी मनात पाल चुकचुकली म्हणून टेप काढली. खूण गोलच्या दीड वीत जवळ पडली होती. डेरेकनं मारलेली पेनल्टी त्याच टोकाची.

मी गुडघ्यावर बसून जमीन बघितली. पेनल्टी मारणारा उभा पाय चेंडूशेजारी रोवतो, त्याचा खड्डा राहतो. डेरेकच्या पायाचा खड्डा माझ्या खुणेशेजारी नव्हता. तो मागं होता, दीड वीत मागं, खरी खूण जिथं असायला हवी तिथं. म्हणजे पोरानं ओळखलं होतं. आयती मिळालेली सवलत न घेता चेंडू मागं सरकवून मारला होता. तिथंच बसून माझे डोळे भरून आले. मग उठलो, खूण खोडून नवी मारली आणि गप्प बसलो. त्याला विचारायचं म्हणजे माझी चूक कबूल करायची. ती हिंमत माझ्यात नव्हती. ती पोरं पेनल्टीवाले म्हणून टोमणे खात राहिली आणि मी निवृत्त होईपर्यंत 'सरळ रेघेचा माणूस' म्हणून मिरवत राहिलो. याची मला लाज वाटते, ती आज लिहून टाकतो.

या वर्षी वसंतात कॉलेजचं पत्र आलं. मैदान खोदून तिथं नवा क्रीडा हॉल बांधणार. हॉलच्या दारात जुन्या काळातल्या एकाच सर्वश्रेष्ठ टीमचं मोठं छायाचित्र लावणार. पांढरे मोजे की चिखलवाले, यावर जुन्या खेळाडूंनी शनिवारी पॅव्हेलियनमध्ये जेवून वाद घालावा आणि मत द्यावं. समितीचा प्रमुख कॉलिन, आता मोठा वकील. आणि खाली माझ्यासाठी दोन ओळी, की हॉलबाहेर तुमच्या नावाचं एक बाक ठेवणार आहोत. पाटीवर लिहिणार, 'यानं कधी वाकडी रेघ मारली नाही.'

त्या शनिवारी मुलगी नीता गाडी चालवत होती. जन्म इथलाच, नोकरी कौन्सिलमध्ये. तिला मी वाटेत सगळं सांगितलं. ती सिग्नलला थांबली आणि माझ्याकडं वळली.

"बाबा, प्लीज, हे आज सांगू नका. नोबडी आस्क्ड. तुमचा नाव बाकावर येणार आहे, आयुष्यभराचा काम केला तुम्ही."

"म्हणूनच सांगायचं."

"पण कशासाठी? फोटोसाठी?"

"डेरेकसाठी," मी म्हटलं. "त्यानं चेंडू मागं ठेवला हे फक्त मला माहीत आहे. मी मेलो की कुणालाच माहीत राहणार नाही."

सिग्नल सुटल्यावर ती गाडी जरा हळू चालवायला लागली.

पॅव्हेलियन तसंच होतं, लाकडी, ओलसर वासाचं. मैदानाभोवती बांधकामवाल्यांचं कुंपण लागलेलं. सकाळी शाळेच्या पोरींचा शेवटचा सामना झाला होता. डेरेक भूगोलाचा मास्तर म्हणून निवृत्त झालाय, दोन्ही गुडघे बदललेले. त्यानं माझे दोन्ही हात हातात घेतले. इंग्रजीत तू आणि तुम्ही एकच, पण त्याच्या बोलण्यात मला नेहमी तुम्ही ऐकू येतं.

जेवण झालं आणि कॉलिन उठला. छान बोलला, वकीलच तो. "आम्ही हंगामभर हरलो नाही. आमचे मित्र दोनदा हरले. आमचा दावा सगळ्या हंगामावर उभा आहे, त्यांचा एका पेनल्टीवर. आणि ती खूणसुद्धा मिस्टर डींनी मारलेली होती, म्हणून निदान ती तरी जागेवर होती." सगळे हसले. चिखलवाल्यांकडून डेरेक उठला, म्हणाला, "आम्ही भरपूर पळालो, एवढंच मला सांगता येईल," आणि खाली बसला.

मी उभा राहिलो. म्हणालो, "कॉलिन, ती खूण जागेवर नव्हती."

मग सगळं सांगितलं. दोरी, पाऊस, दीड वीत, सोमवार. नीता दाराशी उभी होती, तिनं मान खाली घातली. मी म्हणालो, "चूक माझी. हट्ट माझा. पण या माणसानं चूक ओळखली, चेंडू मागं ठेवला, आणि आजवर एका शब्दानं बोलला नाही. रेफरीला दिसलं नाही ते मला जमिनीनं दाखवलं. आता द्या मत."

सभेचा रंग बदललेला मला दिसत होता. पांढऱ्या मोज्यांतला एक जण तर डेरेककडं बघून मान डोलावत होता. त्या क्षणी मतं घेतली असती तर आम्ही जिंकलो असतो, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो.

डेरेक टेबलाला धरून सावकाश उठला.

"मिस्टर डी," तो म्हणाला, "तुम्ही माझ्यासाठी हे सांगितलंत, मी विसरणार नाही. पण खूण चुकली आहे, हे मला माहीतच नव्हतं. त्या खुणेवर डबकं साचलं होतं. चेंडू तरंगत होता. मी रेफरीला विचारलं, जरा मागं ठेवू का? तो म्हणाला, ठेव. डबकं नसतं तर मी तुमच्या खुणेवरूनच मारली असती."

मला वाटलं, जमीन दुभंगावी आणि आपण त्या रेतीत जावं. इतकी वर्षं ज्या खड्ड्यापुढं मी मनातल्या मनात हात जोडत होतो, तो डबक्यामुळं पडला होता. कॉलिन मात्र सभ्यपणे वागला. टोमणा मारला नाही, नुसतं "मग आता मत घेऊ या," म्हणाला. हात वर झाले. पांढरे मोजे सहज जिंकले.

पण मी मुकाट्यानं खाली बसणारा नाही. मी परत उठलो. "छायाचित्र खुशाल लावा. फक्त एक विचारतो. जिंकून देणारी थाप मी त्याच्या पानात वाढली होती. त्यानं फक्त गप्प बसायचं होतं. तुमच्यातला कोण बोलला असता?" मग कॉलिनकडं वळलो. "आणि माझ्या बाकावरची पाटी बदला. एक खूण दीड वीत चुकली, असं लिहा. ते जमत नसेल तर बाक नको."

कॉलिन म्हणाला, समितीपुढं ठेवतो. ठेव बाबा. तुमच्या समितीचा मी नोकर नाही आता.

नीता चहाचा कप घेऊन आली आणि माझ्याशेजारी बसली. "आय वॉज अँग्री," ती म्हणाली, "पण आता नाही." मी कप हातात घेतला आणि खिडकीबाहेर बघितलं, तर मैदानात कुणीतरी होतं.

मी बाहेर गेलो. कुंपणाची फट सरकवून डेरेक आत शिरला होता, आणि त्याच्याबरोबर चिखलवाल्यांतले आलेले बाकीचे पाच जण. साठीची माणसं, जेवायला घातलेले चांगले बूट. सहाही जण एका ओळीत, हातभर अंतर सोडून, गोलरेषेपासून चालत होते. सकाळच्या पोरींनी उखडलेला प्रत्येक तुकडा वाकून जागेवर ठेवायचा, टाचेनं दाबायचा, पुढचं पाऊल. डेरेकला गुडघ्यांमुळं वाकता येत नव्हतं, तो बुटानंच तुकडे सरकवत होता.

मी कुंपणापाशी उभा राहून ओरडलो, "अरे, कशाला? सोमवारी यंत्रं येणार आहेत. सगळं खोदून टाकणार आहेत हे."

डेरेकनं मान वर केली.

"सोमवारी ना?" तो म्हणाला. "आज शनिवार आहे, मिस्टर डी."

मी कप कुंपणाच्या खांबावर ठेवला आणि त्यांच्या ओळीत जाऊन उभा राहिलो.